पत्र्याच्या होडीवर रेडिओ नीट कसा लागेल?

(माजलगाव जलाशयाच्या काठावरील एका गावी झालेल्या शेतकरी व मच्छीमार मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कृषी महाविद्यालयातला शिक्षक बोलायला उभा राहिला म्हणजे तो बीजप्रक्रिया, पेरणीचे अंतर नाहीतर खताच्या मात्रा सांगणार, असे आपण धरूनच चालता. मलाही आज गाळपेर जमिनीतील रब्बी पिकांवरच बोलायला बोलावले आहे. त्यावर मी दुपारच्या सत्रात बोलणार आहे. परंतु गेल्या वर्षी याच कामासाठी मी आपल्याकडे चार-पाच वेळा आलो, पलीकडच्या काठावरचे हरभऱ्याचे आणि ज्वारीचे प्लॉट पाहायला आपल्याच पत्र्याच्या होडीतून गेलो, आणि त्या होडीत मला एक अडचण दिसली. ती वरवर क्षुल्लक वाटते. माझ्या मते मात्र ती क्षुल्लक नाही.

गावात, पारावर जो रेडिओ बीड केंद्र खणखणीत लावत होता, तोच होडीत तळाला ठेवला आणि आम्ही काठ सोडला, तेव्हा नुसता सूं-सूं आवाज करू लागला. होडीवाले काका म्हणाले, "सर, पाण्यावर ते लागतच नाही. आम्ही आणतच नाहीत आता." म्हणजे जिथे हवामानाची खबर सर्वांत जास्त गरजेची आहे, तिथेच रेडिओ घरी राहतो. हे काही बरोबर नाही, असे मला वाटले. म्हणून आजचे हे थोडे आडवाटेचे भाषण.

माजलगावचे धरण सिंदफणेवर १९८७ साली पूर्ण झाले. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातले हे काम. साडेसहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध आणि त्याच्यामागे पसरलेले पाणी. त्या पाण्यात आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलांची रानं गेली. आता त्याच पाण्यावर कोणी रोहू-कटल्याची जाळी टाकतो, कोणी पाणी ओसरले की गाळपेर करतो, कोणी पलीकडून कडब्याच्या पेंढ्या आणतो. कोणाकडे थर्माकोलचा चप्पू आहे, कोणाकडे लोखंडी पत्र्याची होडी. उसाच्या गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून नदी ओलांडणारी माणसेही आपण पाहिली आहेत. चप्पूचे रेडिओशी वाकडे नाही, कारण थर्माकोलमधून लहरी सरळ जातात. अडचण पत्र्याची आहे. त्यामुळे आज बोलायचे ते पत्र्याच्या होडीविषयी.

मोबाईल असताना रेडिओ कशाला, असे तरुण मंडळी विचारतील. मोबाईल जरूर असावा. परंतु पाण्याच्या मध्यावर कधी रेंज जाते, बॅटरी उतरते, आणि बहुतेक जण भिजू नये म्हणून फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवतात. पिशवीतला फोन वाजला तरी जाळे ओढताना घेणार कोण? रेडिओ दोन सेलवर महिनाभर चालतो आणि हात कामात असताना कानाने ऐकता येतो.

आपल्या राज्यात शेतकऱ्याने गटाने बसून रेडिओ ऐकावा आणि त्यावर चर्चा करावी, असा प्रयोग आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५६ साली युनेस्कोच्या सहकार्याने केला होता. पाच जिल्ह्यांतील दीडशे गावे त्यात होती. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात असल्याने आपला जिल्हा त्यातून सुटला. असो. मुद्दा असा की, ऐकण्याची सवय नवी नाही, फक्त ती पाण्यावर न्यायची आहे.

दोन प्रकारच्या लहरी, दोन प्रकारचे एरियल

आपल्या साध्या ट्रान्झिस्टरवर दोन पट्टे असतात. एक मध्यम लहर, म्हणजे मीडियम वेव्ह, आणि दुसरा एफएम. बहुतेक लोक समजतात की सेटची ती लांब होणारी काडी दोन्हींसाठी आहे. तसे नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो.

एफएमसाठी ती काडी कामाची आहे. बीड केंद्र १०२.९ मेगाहर्ट्झवर लागते. या लहरीची लांबी साधारण २ मीटर ९० सेंटिमीटर. एफएमची लहर जवळजवळ सरळ रेषेत चालते. मध्ये टेकडी आली, बांध आला की तिच्या मागे सावली पडल्यासारखी होते. बीड शहर इथून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर पश्चिमेला आहे आणि मध्ये उंचसखल भाग आहे, त्यामुळे आपल्याकडे आवाज येतो तो काही फार भरभक्कम नसतो. त्यात थोडी घट झाली तरी खरखर सुरू होते.

मध्यम लहरीला ती काडी बहुतेक सेटमध्ये लागतच नाही. सेट उघडून पाहिला असेल तर आत एक काळी, खडूसारखी कांडी आणि तिच्यावर बारीक तांब्याच्या तारेचे वेढे दिसले असतील. ती फेराइटची कांडी म्हणजेच मध्यम लहरीचे एरियल. परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर ऐकत आपली मागची पिढी वाढली. त्या लहरीची लांबी २३० मीटर, म्हणजे एफएमच्या लहरीच्या जवळजवळ ऐंशी पट. इतकी लांब लहर टेकडीला वळसा घालून येते. देशातील मध्यम लहरींवरची काही प्रक्षेपणे गेल्या काही वर्षांत बंद झाली आहेत, तेव्हा आपल्या ठिकाणी कोणते केंद्र कुठे लागते ते एकदा काटा फिरवून पाहावे आणि सेटच्या पाठीवर खडूने लिहून ठेवावे.

आता होडीत काय होते ते पाहू. होडीच्या तळाशी सेट ठेवला म्हणजे त्याच्या तिन्ही बाजूंनी पत्रा येतो. एफएमची लहर बाजूने, जवळजवळ आडवी येते, ती होडीच्या काठाला अडते. शिवाय पाण्याचा पृष्ठभाग स्वतःच लहर परतवतो. सरळ आलेली लहर आणि पाण्यावरून परतलेली लहर एकमेकींना मारक ठरतात, आणि पाण्याच्या जितके जवळ जावे तितकी ही मारामारी जास्त. म्हणून तळातला सेट नुसता हातभर वर उचलला तरी पुष्कळदा आवाज उघडतो. हा प्रयोग कोणीही, एक पैसा खर्च न करता, आज संध्याकाळी करून पाहावा.

मध्यम लहरीचे वेगळे आहे. २३० मीटरच्या लहरीला तुमची पंधरा फुटांची होडी दिसतही नाही म्हटले तरी चालेल. ती होडीला अडत नाही. परंतु फेराइटची कांडी पत्र्याला चिकटून आली, तर पत्र्यात उलटे प्रवाह निर्माण होतात, कांडीची ओढ कमी होते आणि सूर बिघडतो. यावर उपाय सोपा आहे. सेट पत्र्यापासून निदान एक फूट दूर ठेवावा. बसायच्या फळीवर, लाकडी खोक्यावर, नाहीतर काठीला टांगून. मी पाहिले ते असे की, तळातून उचलून आडव्या फळीवर ठेवताच परभणीचा आवाज ओळखू येण्याइतका सुधारला.

दिशेचा भाग महत्त्वाचा आहे. ही कांडी आपल्या बाजूने जास्त ऐकते आणि टोकाकडून जवळजवळ ऐकत नाही. परभणी आपल्या पूर्वेला आहे. तेव्हा सेटची लांब बाजू दक्षिणोत्तर राहील अशा रीतीने ठेवली की परभणी चांगले लागेल, आणि तोच सेट पूर्व-पश्चिम फिरवला की ते पडेल. काठावर सेट एका जागी असतो म्हणून ही गोष्ट लक्षात येत नाही. होडी मात्र वाऱ्याने फिरत असते, आणि आपण म्हणतो, "आत्ता लागलं होतं, गेलं बघा." केंद्र कुठे गेलेले नसते, होडी फिरलेली असते. सेट फिरवून घ्यावा.

ज्यांना हौस आहे आणि मध्यम लहर फार क्षीण येते, त्यांनी दोन फुटी लाकडी चौकट करून तिच्यावर वायरचे आठ ते दहा वेढे घ्यावेत, वेढ्यांत थोडे अंतर ठेवावे आणि दोन्ही टोके भंगारातल्या रेडिओच्या गँग कंडेन्सरला जोडावीत. चौकटीजवळ सेट ठेवून कंडेन्सर हळूहळू फिरवला की एका जागी आवाज एकदम चढतो. सेटला वायर जोडायची गरज नाही. ही चौकट घरी, रानातल्या पत्र्याच्या खोपीबाहेर फार उपयोगी पडते. होडीत ती अडगळ होते, म्हणून तिच्यावर जास्त बोलत नाही.

पत्राच कामाला लावायचा

जो पत्रा एफएमला त्रास देतो, तोच कामालाही लावता येतो. काडीच्या एरियलला खाली जमिनीचा आधार लागतो. सेट हातात धरला की आपला हातच तो आधार होतो, म्हणून हात लावला की स्टेशन लागते आणि सोडला की जाते. हा अनुभव आपल्या सर्वांना आहे. होडीचा पत्रा हा हातापेक्षा कितीतरी चांगला आधार आहे. फक्त तो नीट जोडायला हवा.

बीड केंद्रासाठी काडीची लांबी लहरीच्या पाव हिश्श्याइतकी, थोडी कमी धरून ७० सेंटिमीटर घ्यावी. फुटाच्या भाषेत सव्वादोन फुटांहून बोटभर जास्त. जाड तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची ताठ तार चालते. ही तार होडीच्या काठावर उभी बसवायची, पण तिचा पत्र्याला स्पर्श होता कामा नये. ठिबकच्या नळीचा किंवा पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा काठाला बांधून त्यात तार बसवावी. स्पर्श झाला की स्टेशन तिथल्या तिथे गप्प होते, हे लक्षात ठेवा. नंतर बिघाड शोधताना पहिल्यांदा हेच पाहायचे.

तारेपासून सेटपर्यंत डिश टीव्हीची केबल वापरावी. जुन्या छत्रीचे केबलचे तुकडे आज घरोघर पडलेले आहेत. या केबलमध्ये मधोमध एक तार आणि तिच्याभोवती जाळी असते. मधली तार आपल्या उभ्या काडीच्या बुडाला जोडायची. जाळी होडीच्या पत्र्याला जोडायची, आणि इथेच लोक घाई करतात. रंगावर किंवा गंजावर बोल्ट आवळून काही उपयोग नाही. रुपयाएवढी जागा पत्रा चकाकेपर्यंत खरवडावी, वायसर घालून बोल्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे, नाहीतर एका पावसाळ्यात तिथे गंज चढून जोड सुटल्यासारखाच होतो. केबल चार-पाच फुटांपेक्षा जास्त लांब ठेवू नये.

सेटच्या बाजूला मधली तार चिमट्याने सेटच्या काडीला लावावी. जाळी सेल बसतात तिथल्या ऋण टोकाच्या स्प्रिंगला लावता आली तर उत्तम. नाही जमले तर ती मोकळी ठेवून पाहावी, पुष्कळ सेटमध्ये तेवढ्यावरही काम भागते. प्रक्षेपणाच्या लहरी उभ्या येतात की आडव्या यावर काडी उभी बरी की आडवी बरी हे ठरते, म्हणून पक्के बसवण्याआधी हाताने दोन्ही प्रकारे धरून पाहावे. जास्त आवाज आला ती बाजू खरी, पुस्तकात काय लिहिले आहे ते नंतर.

मोबाईलमध्ये एफएम असेल तर त्याला इअरफोनची वायर हेच एरियल असते. ती गुंडाळून खिशात ठेवली किंवा पत्र्यावर पडली की आवाज जातो. ती सरळ लोंबकळत, पत्र्यापासून दूर ठेवावी. ब्लूटूथच्या बिनवायरच्या इअरफोनवर ही सोय नसते. पुष्कळ नव्या फोनमध्ये एफएम बंदच ठेवलेले असते. केंद्र शासनाने २०२३ साली उत्पादकांना ते चालू ठेवण्याबाबत सूचना दिलेली आहे. नवा फोन घेताना दुकानदाराला एवढे विचारून घ्यावे.

खरखर कुठून येते

एरियल चांगले केले तरी खरखर राहिली, तर ती बहुधा आपल्याच होडीतली किंवा आपल्याच रानातली असते. पेट्रोल इंजिनाला स्पार्क प्लग असतो, त्याची दर ठिणगी मध्यम लहरीवर टकटक ऐकू येते. रोध असलेला, म्हणजे रेझिस्टर प्रकारचा प्लग बसवला तर ती बरीच कमी होते. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. रात्रीच्या मासेमारीला एलईडी दिवा आणि मोबाईल चार्जर वापरतात, त्यांचाही सूं-सूं आवाज येतो. दिवा क्षणभर विझवून पाहिले की चोर सापडतो.

काठाजवळ आल्यावर एक नवी कुरकुर गेल्या दोन-तीन वर्षांत वाढली आहे. २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून सौरपंप बसू लागले. पंप चांगले आहेत, मी स्वतः त्यांची शिफारस करतो. पण त्यांच्या कंट्रोलरमधून मध्यम लहरीवर चांगलाच गोंगाट येऊ शकतो. रेडिओ पंपापासून आणि त्याच्या वायरींपासून पन्नास पावले दूर न्यावा, बहुधा भागते. कंट्रोलरच्या पेटीची अर्थिंगची तार नीट गाडलेली आहे का, तेही पाहावे. ते तसेही पाहायलाच हवे.

याच खरखरीचा एक फायदा सांगतो, कारण इथे रानडुकरांनी त्रासलेली मंडळी पुष्कळ आहेत. झटका मशीनचा ठोका साधारण सेकंदाला एक पडतो आणि तो मध्यम लहरीवर टिक-टिक ऐकू येतो. तारेला कुठे गवत टेकले, इन्सुलेटर फुटला की तिथे ठिणगी पडते आणि तो टिक-टिक आवाज त्या जागेजवळ मोठा होतो. रिकाम्या जागी काटा ठेवून ट्रान्झिस्टर हातात घ्यावा आणि कुंपणाच्या कडेने चालावे. बिघाड शोधण्याचे याहून स्वस्त यंत्र बाजारात मिळणार नाही.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप

मघाशी सांगितले ते काडीचे एरियल बसवून मी समाधानी झालो नाही. उंची वाढवली की आवाज सुधारतो हे कळल्यावर माणसाला मोह होतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी होडीत दहा फुटी बांबू उभा केला, त्याच्या टोकाला दोन बाजूंना ७०-७० सेंटिमीटरच्या तारा आडव्या बांधल्या, केबल खाली आणली. बीड केंद्र असे लागले की जणू निवेदक शेजारी बसला आहे. मी खूश होऊन कुठली दिशा चांगली, किती अंश फिरवले की किती फरक पडतो, याची टिपणे काढत बसलो. पश्चिमेला आभाळ भरून येत होते, तिकडे माझे लक्ष नव्हते.

वल्हे मारणाऱ्या काकांनी वल्हे थांबवले. "सर, आधी ती काठी खाली घ्या." मी म्हणालो, "दोन मिनिटं, एवढं एक लिहितो." ते म्हणाले, "दोन मिनिटं नाहीत. काठी खाली घ्या आणि खाली बसा." त्यांनी स्वतः उठून बांबू सोडला. काठाला लागलो आणि काही वेळाने पलीकडे वीज पडली. ती आमच्यावर पडली असती असे मी म्हणत नाही. परंतु सपाट पाण्याच्या मधोमध, लोखंडी होडीत, दहा फुटी काठीला तांब्याची तार लावून बसणे म्हणजे काय हे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या माणसाला कळले नाही आणि त्यांना कळले. तेव्हापासून मी होडीवर उंच एरियलची शिफारस करत नाही. काठावर, आभाळ निरभ्र असताना, जरूर करावे. होडीवर ७० सेंटिमीटरची काडी पुरे, आणि तीही हाताने एका क्षणात उपटून आडवी ठेवता येईल अशीच बसवावी. स्क्रूने पक्की करू नये.

आपल्या देशात विजेने दरवर्षी किती माणसे दगावतात? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात २,८८७. मराठवाड्यात एप्रिल-मे मधील वळवाचा पाऊस आणि परतीचा पाऊस हे विजेचे मुख्य दिवस. बळी पडतात ते बहुतेक उघड्यावर असलेले लोक, म्हणजे आपणच, रानात, झाडाखाली, पाण्यावर.

इथे मध्यम लहरीचा एक गुण कामी येतो, जो एफएममध्ये नाही. वीज चमकली की मध्यम लहरीवर कडकड असा आवाज येतो, अगदी शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या विजेचासुद्धा. मीडियम वेव्हच्या खालच्या टोकाला, जिथे कुठलेच केंद्र लागत नाही, तिथे काटा ठेवून ऐकावे. मधूनमधून हलकी कडकड आली तर घाबरण्याचे कारण नाही, ती दूरची असते. परंतु कडकड वारंवार होऊ लागली आणि पाच-दहा मिनिटांत तिचा जोर वाढत गेला, तर वीज आपल्याकडे सरकत आहे असे समजावे. त्या वेळी आभाळ डोक्यावर निळेसुद्धा असू शकते. जाळे अर्धे राहिले तरी चालेल, होडी काठाकडे वळवावी.

गडगडाटाची वाट पाहिली तर पाण्यावरच्या माणसाला उशीर होतो. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंदांना एक किलोमीटर असा हिशेब आहे. तीस सेकंद मोजले तर वीज दहा किलोमीटरवर आहे, आणि एवढ्या अंतरावर असताना माणूस सुरक्षित जागी पोहोचलेला असायला हवा, असा नियम. रानातला माणूस पाच मिनिटांत घर गाठतो. होडी मध्यावरून वल्हवत आणायला अर्धा तास लागतो. म्हणून तुम्हाला तीस सेकंदांच्याही आधीची सूचना हवी, आणि ती रेडिओची कडकड देते. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास पुन्हा पाण्यात जाऊ नये.

दुर्दैवाने मध्यावरच सापडलात, तर काडी आणि वल्हे आडवे करावे, सेटची केबल काढून टाकावी, इअरफोन कानातून काढावा, होडीच्या मधोमध कोरड्या फळीवर किंवा खोक्यावर पाय जवळ घेऊन, डोके खाली घालून बसावे. पत्र्याच्या काठाला आणि इंजिनाला हात लावू नये, हात पाण्यात सोडू नयेत. ही पूर्ण सुरक्षितता नव्हे. उघड्या होडीत पूर्ण सुरक्षित अशी जागाच नसते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे मोबाईल अॅप आपल्या आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधील विजांची सूचना देते. ते प्रत्येकाने घ्यावेच. त्याला इंटरनेट लागते. काठ सोडण्यापूर्वी ते एकदा पाहावे, आणि पाण्यावर रेडिओ चालू ठेवावा. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. त्यातले वाऱ्याचे आणि मेघगर्जनेचे दोन-तीन ओळींचे अनुमान शेतकरी वाचतो आणि मच्छीमार सोडून देतो, कारण त्यावर 'कृषी' असे लिहिलेले असते. तुम्हीही वाचावे, पाणी आणि रान इथे एकमेकांना लागूनच आहेत.

काही बारीकसारीक गोष्टी. सेल अर्धवट उतरले की आवाज जाण्याआधी स्टेशन पकडण्याची ताकद जाते. एरियलला दोष देण्याआधी नवे सेल घालून पाहावे. सेट झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवावा, प्लास्टिकमधून लहरी जातात. स्टीलच्या डब्यात ठेवलेला रेडिओ गप्प बसतो, असे एका ताईंनी मला सकाळी सांगितले आणि तो बिघडला असे समजून त्यांनी तो मेकॅनिककडे दिला होता. त्यात काही बिघाड नव्हता. चहूबाजूंनी पत्र्याने बंद केलेल्या खोलीत हेच होते, तिथे काडीला वायर जोडून ती खिडकीबाहेर काढावी, आणि विजेच्या दिवसांत ती वायर सोडून ठेवावी.

मघा एका मित्राने विचारले की, होडीला रंग लावलेला आहे, सगळा रंग काढावा लागेल का? अजिबात नाही. रुपयाएवढी जागा पुरे. दुसरे विचारले, दोन होड्यांना मिळून एक सेट चालेल का? काडी आणि केबल दोन्ही होड्यांना बसवून ठेवा, सेट कोणत्याही होडीत न्या, चिमटा लावा.

मी सोबत वीस फूट केबल, तार, पीव्हीसीचे तुकडे आणि कानस आणली आहे. जेवणाला अजून तासभर अवकाश आहे आणि आभाळ स्वच्छ आहे, काकांनी पाहून सांगितले आहे. काठाला दोन होड्या बांधलेल्या आहेत. ज्यांना स्वतःच्या हाताने करून पाहायचे आहे त्यांनी माझ्याबरोबर यावे. गाळपेर हरभऱ्याचे दोन वाजता इथेच.